इंजिन खोलण्याआधी : जुन्या ट्रकचा धूर आणि जळणारे ऑइल

डिझेल इंजिनाच्या सायलेन्सरमधून तीन रंगांचा धूर निघतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल, पांढरा म्हणजे न जळालेले डिझेल किंवा पाण्याची वाफ, आणि निळा म्हणजे वंगणाचे ऑइल. गॅरेजमध्ये नव्याने आलेल्या मुलाला एवढे पहिल्याच महिन्यात कळते, आणि पुढची कित्येक वर्षे चुकाही एवढ्याच ज्ञानावर होत राहतात. रंगावरून काय जळते आहे ते समजते. ते कोठून आले हे समजत नाही. निळा धूर दिसला की ‘रिंगा गेल्या’ असा निकाल लागतो, हेड उतरते, लायनर-पिस्टनचे किट येते, गाडी पंधरा दिवस उभी राहते आणि इंजिन बांधून बाहेर पडलेला ट्रक महिन्याभरात पुन्हा निळा धूर मारू लागतो. दोष एअर कॉम्प्रेसरमध्ये किंवा टर्बोच्या ऑइल पाइपमध्ये असतो आणि तो तेथेच राहिलेला असतो. एकाच ट्रकवर पोट असलेल्या मालकाला अशी एक चूक वर्षभराची कमाई घेऊन जाते. म्हणून खोलणे-बांधणे पुढच्या प्रकरणांकडे सोपवून, पाना हातात घेण्यापूर्वी काय पाहावे, काय मोजावे आणि कोणत्या क्रमाने, याचा विचार येथे केला आहे.

येथे ‘जुने इंजिन’ म्हणजे यांत्रिक पंपाचे इंजिन. डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने टाटांचे ट्रक १९५४ मध्ये जमशेदपूरहून निघू लागले; अशोक लेलँडनेही त्याच दशकात रस्ता धरला. पुढची जवळपास पन्नास वर्षे भारतीय ट्रकचे इंजिन मूळ कल्पनेत फारसे बदलले नाही. चार किंवा सहा सिलिंडर, बाजूला एका रांगेतला इंजेक्शन पंप, प्रत्येक सिलिंडरला त्या पंपाकडून जाणारी स्वतंत्र लोखंडी नळी आणि टोकाला नोझल. मिस्त्री लोक या पंपाला आजही ‘मायको पंप’ म्हणतात. बॉशची भारतीय कंपनी त्या नावाने ओळखली जाई आणि तिचा नोझलचा कारखाना नाशिकला आहे. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार देशभर लागू झाले आणि नव्या ट्रकांवर संगणकाने चालणारे कॉमन रेल इंजिन सर्रास आले. त्या इंजिनांचे निदान वेगळ्या पद्धतीने होते, आणि येथे सांगितलेली एक चाचणी तर त्यांच्यावर करणे जिवावर बेतू शकते. तो इशारा योग्य जागी येईल.

धूर पाहण्याचीही एक रीत आहे. निळा धूर उजेडाच्या दिशेने पाहिला तर तपकिरी दिसतो. ऑइलचे कण इतके बारीक असतात की ते निळा प्रकाश आजूबाजूला विखुरतात आणि पलीकडून आरपार येणारा प्रकाश पिवळट राहतो. म्हणून ऊन बाजूने यावे आणि धुरामागे काळसर पार्श्वभूमी, झाड किंवा गडद भिंत असावी. संध्याकाळी हायवेवर मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांत पाहिलेल्या रंगावर कोणताही निष्कर्ष काढू नये. सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर काठीला बांधलेला पांढरा कागद काही सेकंद धरला तर आणखी कळते. कोरडी काजळी बोटाने पुसली जाते, ऑइलचे ठिपके कागद तेलकट आणि पारदर्शक करतात, आणि न जळालेल्या डिझेलचा वास लपत नाही.

रंगाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. धूर सकाळच्या पहिल्या सेल्फला येतो की इंजिन गरम झाल्यावर? घाट चढताना येतो की ढाब्यावर अर्धा तास इंजिन चालू ठेवून निघताना? एकदाच भपका येऊन थांबतो की सतत येत राहतो? रिकाम्या गाडीला येतो की माल भरल्यावरच? याची उत्तरे मिस्त्रीकडे नसतात, चालकाकडे असतात. निदानाची सुरुवात चालकाला चहा पाजून शांतपणे विचारण्यातून झाली पाहिजे, आणि मालक समोर असताना तो मोकळेपणाने बोलत नाही हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

काळा धूर आधी घ्यावा. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात इंधन अगदी शेवटच्या क्षणी फवारले जाते, त्याला हवेत नीट मिसळायला वेळच मिळत नाही. त्यामुळे प्रत्यक्षात हवा त्याहून बरीच जास्त असावी लागते. हे प्रमाण साधारण वीस किलोंच्या खाली घसरू लागले की जुने इंजिन काळे पडू लागते. म्हणजे काळ्या धुराची कारणे दोनच घरांतली : हवा कमी किंवा डिझेल जास्त. हवेचे घर आधी तपासावे, कारण ते फुकटात तपासता येते. खडी क्रशरवर किंवा उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा एअर क्लीनर आठवड्यात गच्च होतो. टर्बोच्या इंजिनात टर्बोपासून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप ढिली असली की लोडवर हवा बाहेर जाते आणि धूर आत तयार होतो. समुद्रसपाटीपासून साधारण ३५०० मीटरवरच्या लेहला हवेची घनता सुमारे ७० टक्के उरते. तेथे बिनटर्बोचे निरोगी इंजिनही चढावर काळा धूर मारणार, आणि त्यासाठी कोणाला काही दुरुस्त करायचे नसते.

दुसरे घर पंपाचे आणि नोझलचे. नोझल साधारण २०० बारच्या आसपास उघडते आणि बारीक धुके फेकते. ते झिजले की धुक्याऐवजी धार पडते, किंवा फवारा संपल्यावरही थेंब गळत राहतात. नोझल काढून टेस्टरवर लावले की हा दोष डोळ्यांना दिसतो. त्यासाठी अंदाज करण्याची गरज नसते आणि पंपवाल्याकडची ही तपासणी इंजिन बांधण्याच्या खर्चापुढे किरकोळ असते. पंपाचे टायमिंग मागे पडले तर इंजिन थंड असताना पांढरा आणि लोडवर काळा धूर देते. आणि मग ‘पंप वाढवणे’. पंपावर जास्तीत जास्त डिझेलची मर्यादा ठरवणारा स्क्रू असतो, त्याला तार आणि शिशाचे सील असते. पिकअप कमी वाटतो म्हणून हे सील तोडून स्क्रू फिरवला जातो. घाटात गाडी थोडी जोरात चढते आणि मागे काळा लोट राहतो.

हा लोट केवळ मागच्या दुचाकीस्वाराचे नुकसान करतो असे नाही, जरी तेही थोडे नाही. डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो असे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये केले आहे. तो इंजिनाचेही नुकसान करतो, आणि हे नुकसान जुन्या ट्रकच्या सगळ्या कथेचा कणा आहे. जास्तीचे डिझेल उशिरापर्यंत जळत राहते, पिस्टनचा माथा तापतो, वरच्या रिंगेच्या खाचेतले ऑइल करपून तेथे कोळसा होतो. रिंग त्या कोळशात रुतते. रुतलेली रिंग लायनरला दाबून धरत नाही, तिच्या बाजूने जळता वायू खाली ऑइलच्या चेंबरमध्ये घुसतो आणि ऑइल वर येते. गळणारे नोझल हेच काम दुसऱ्या बाजूने करते. त्याची धार लायनरवरचा ऑइलचा पातळ थर धुऊन काढते, लायनर कोरडा घासतो, आणि धुतलेले डिझेल खाली उतरून चेंबरमधले ऑइल पातळ करते. काजळी ऑइलमध्ये मिसळून ते घट्ट आणि घाण होते ती गोष्ट निराळीच. म्हणजे आज दुर्लक्षिलेला काळा धूर उद्याच्या निळ्या धुराचा बाप असतो. ज्या ट्रकची एअर क्लीनर आणि नोझले वेळेवर पाहिली जातात त्याच्या रिंगा आपोआप जास्त टिकतात. आणि ज्याचे इंजिन बांधले पण नोझले तीच ठेवली, त्याचे नवे लायनर पहिल्या दिवसापासून धुतले जात असतात.

पांढऱ्या धुरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी लपतात. नाशिककडच्या किंवा विदर्भातल्या डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारल्यावर दोन-चार मिनिटे पांढरा धूर येणे आणि इंजिन तापताच तो जाणे स्वाभाविक आहे. गार सिलिंडरमध्ये काही डिझेल पेट न घेता बाहेर पडते. हाच धूर गरम इंजिनालाही राहिला, सोबत इंजिन मिस मारत असले, डोळे झोंबत असले, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. कॉम्प्रेशन कमी आहे, नोझल बिघडले आहे किंवा टायमिंग मागे आहे. पाण्याची वाफ मात्र डोळ्यांना झोंबत नाही आणि कोरड्या हवेत सायलेन्सरपासून थोड्या अंतरावर विरून जाते, तर डिझेलचा पांढरा धूर रस्त्यावर रेंगाळतो. कोकणातल्या पावसाळ्यात ही खूण चालत नाही, कारण दमट हवेत वाफही रेंगाळते. तेव्हा रेडिएटरकडे जावे. पाणी कोठेही गळताना दिसत नाही पण रोज घालावे लागते, थंड इंजिन चालू करून टोपी उघडी ठेवली असता पाण्यात सतत बुडबुडे येतात, पाण्यावर तेलकट साय धरते किंवा ऑइल मोजायच्या पट्टीवरचे ऑइल दुधाळ चहासारखे दिसते, यांतले काहीही आढळले तर हेड गॅसकेट, हेडची चीर, लायनर किंवा ऑइल कूलर यांच्याकडे संशय जातो. अशा इंजिनाला रात्रभर उभे राहिल्यावर सरळ सेल्फ मारू नये. पाणी पिस्टनवर साचले असेल तर ते दाबले जात नाही, आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. नोझले काढून इंजिन आधी हाताने फिरवावे.

एका सिलिंडरचा दोष ओळखण्याची जुनी युक्ती अशी. इंजिन स्लोवर चालू ठेवून एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीचे नट पाव फेरा सैल करायचे. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासे होते. ज्याचे नट सैल करून धूर कमी होतो पण इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. हे करताना चष्मा आणि जाड हातमोजे हवेत आणि नळीच्या सांध्यापुढे बोट कधीही नेऊ नये, कारण दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि दिसायला टाचणीएवढी असलेली ती जखम हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते. कॉमन रेल इंजिनावर दाब याच्या कित्येक पट असतो. तेथे ही चाचणी कोणत्याही परिस्थितीत करू नये.

आता निळा धूर, म्हणजे ऑइलचा प्रश्न. पहिला प्रश्न धुराचा नसून पट्टीचा असतो : ऑइल खरोखर किती कमी होते? ‘गाडी ऑइल खाते’ ही तक्रार बहुतेक वेळा मोजमापाशिवाय केलेली असते. जुन्या इंजिनासाठी ढोबळ हिशोब डिझेलच्या मापाने करतात. लिटरला चार किलोमीटर जाणारा ट्रक हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल पितो. त्याच्या अर्धा टक्का म्हणजे सव्वा लिटर ऑइल हजार किलोमीटरला कमी होत असेल तर वय झालेल्या इंजिनाबद्दल फार तक्रार करू नये. एक टक्का, म्हणजे अडीच लिटरच्या घरात आकडा गेला की कारण शोधलेच पाहिजे. निर्मात्याच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असेल तर तीच प्रमाण मानावी. मोजताना गाडी दर वेळी एकाच सपाट जागी उभी असावी आणि इंजिन बंद करून किमान पंधरा मिनिटे झालेली असावीत. पट्टी त्याच इंजिनाची आहे ना, हेही पाहावे. हरवलेल्या पट्टीच्या जागी दुसऱ्या मॉडेलची आखूड पट्टी बसवलेली असते, चालक तिच्या खुणेपर्यंत भरत राहतो, चेंबर गरजेपेक्षा जास्त भरतो, फिरती क्रँक त्या ऑइलला घुसळते आणि जादा ऑइल धुराने जाते. असे इंजिन तोडण्याची नव्हे, पट्टी बदलण्याची गरज असते.

पट्टी आणखी एका प्रकारे फसवते. डिझेल ऑइलमध्ये उतरत असेल तर ऑइल जळते तेवढीच भर डिझेलने पडते आणि पातळी जागची हलत नाही. मालक खूश असतो आणि बेअरिंगे मरत असतात. पातळी वाढताना दिसली तर तो चमत्कार नसून धोका आहे. पट्टीवरचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकून काही तास ठेवावा. काजळीचा काळा डाग मध्ये राहतो आणि डिझेल असेल तर त्याच्या भोवती फिकट तेलकट कडे लांबवर पसरते. वास घेतला तरी पुष्कळ कळते.

ऑइल कमी होते हे ठरल्यावर ते जळते की गळते, हे पाहायचे. क्रँकचे मागचे सील, टॅपेट कव्हरचे गॅसकेट, फिल्टरची बैठक, टर्बोच्या नळ्या यांतून चालत्या गाडीत होणारी गळती उभ्या गाडीखाली दिसतेच असे नाही. वाऱ्याने ती मागे चेसिसवर पसरते. इंजिन धुऊन, कोरडे करून, एक फेरी मारून यावी आणि मग टॉर्च घेऊन खाली झोपावे. या अर्ध्या दिवसाच्या कामात अनेक ‘रिंगा गेलेली’ इंजिने वाचतात.

जळणाऱ्या ऑइलचे रस्ते अनेक आहेत, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित रस्ता एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरचा आहे. हा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर टाकीत जाते. धूर नाही, गळती नाही, आणि पट्टी रोज खाली. अशा गाडीच्या एअर टाकीचा ड्रेन कॉक सकाळी उघडला की काळपट तेलकट पाणी भसकन बाहेर येते. थोडासा ओलावा आणि तेलाचा वास चालतो. धार चालत नाही. ब्रेकच्या व्हॉल्व्हांची रबरे या ऑइलने फुगतात, म्हणजे प्रश्न फक्त ऑइलच्या पैशांचा राहत नाही.

याच कॉम्प्रेसरची दुसरी करामत अधिक महाग पडते. इंजिनाच्या ब्रीदरमधून जोरात वाफा येऊ लागल्या, ऑइल भरायची टोपी उघडताच धूर फुसफुसला, की ‘बॅक कॉम्प्रेशन आहे, इंजिन बांधावे लागेल’ असे सांगितले जाते. पण झिजलेला कॉम्प्रेसरही स्वतःची हवा खाली चेंबरमध्येच ढकलतो, आणि ब्रीदरला हवा कोणाची ते कळत नाही. म्हणून टाकी रिकामी करून, कॉम्प्रेसर हवा भरत असताना ब्रीदर पाहावा आणि टाकी भरून कॉम्प्रेसर मोकळा फिरू लागल्यावर पुन्हा पाहावा. फरक स्पष्ट दिसला तर आधी कॉम्प्रेसर दुरुस्त करावा. उलटी टोपी भोकावर ठेवून ती उडते का हे पाहण्याची पद्धत सर्वत्र चालते. ती पहिल्या संशयासाठी ठीक आहे, निकालासाठी नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तीत रंगीत पाणी भरावे, एक टोक पट्टीच्या भोकाला घट्ट बसवावे आणि चेंबरमधला दाब पाण्याच्या उंचीत मोजावा. आज मोजलेला आकडा सहा महिन्यांनी मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहिला की इंजिन किती वेगाने झिजते आहे हे कोणत्याही अनुभवी कानापेक्षा खात्रीने समजते. ब्रीदरची नळी चिखलाने किंवा जाळीने बुजलेली नाही ना, हे मात्र आधी पाहायचे. ती बुजली तर निरोगी इंजिनातही दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडते.

टर्बो असलेल्या इंजिनात निळ्या धुराचा संशयित म्हणून टर्बो रिंगांच्याही आधी येतो. बराच वेळ स्लोवर चालवून रेस दिली की निळा ढग उठतो आणि गाडी पळू लागल्यावर कमी होतो, ही त्याची खूण. टर्बोमधून ऑइल परत खाली नेणारी नळी काजळीने अरुंद झाली असेल, किंवा चेंबरमधला दाब वाढून त्या ऑइलला खाली उतरू देत नसेल, तर टर्बो बदलूनही दोष राहतो. एअर क्लीनर गच्च असेल तर टर्बोचा पंखा हवेऐवजी स्वतःच्या सीलमधून ऑइल ओढतो. त्यामुळे येथेही एअर क्लीनर पहिला. टर्बोनंतरची हवेची नळी काढून आत बोट फिरवावे. हलकी तेलकट ओल चालते, ओघळ चालत नाही. जुन्या ट्रकांवरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरचे भांडे खुणेच्या वर भरले असेल तर इंजिन तेच ऑइल ओढून निळे होते, आणि ही चूक सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्या दिवशी उगवते.

व्हॉल्व्ह गाइडबद्दल एक गैरसमज पेट्रोल गाड्यांवरून आलेला आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद झाला की मॅनिफोल्डमध्ये मोठी ओढ तयार होते आणि गाइडमधून ऑइल खेचले जाते. उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिल्यावर येणारा निळा भपका हे तिथले प्रसिद्ध लक्षण. जुन्या डिझेलमध्ये हवेचा रस्ता अडवणारा थ्रॉटलच नसतो, ओढ नगण्य असते, आणि टर्बो असेल तर लोडवर उलट दाब असतो. म्हणून गाइड झिजलेले डिझेल इंजिन बहुधा रात्रभर उभे राहिल्यावर पहिल्या सेल्फला किंवा लांब आयडलनंतर एक भपका देते आणि शांत होते. भर लोडवर घाटात सतत निळा धूर निघत असेल तर दोष गाइडवर ढकलू नये. तो खाली, रिंगा आणि लायनरमध्ये आहे.

ते पक्के करायला कॉम्प्रेशन मोजावे. सेल्फवर फिरवताना बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत २२ ते २८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब येतो, पण तो बॅटरी आणि सेल्फच्या जोरावरही अवलंबून असतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बोलका असतो. पाच सारखे आणि एक खाली असेल तर सहा किट कशाला मागवायचे, हा प्रश्न मालकाने विचारला पाहिजे. कॉम्प्रेशन चांगले आले म्हणून रिंगा निर्दोष ठरत नाहीत, हेही तितकेच खरे. दाब वरच्या रिंगा धरतात आणि ऑइल खालची ऑइल रिंग निपटते. ती कोळशाने बुजली की दाब पूर्ण आणि धूर निळा, असे दोन्ही एकदम दिसते. सिलिंडरमध्ये ऑइल ओतून पुन्हा कॉम्प्रेशन घेण्याची पेट्रोलवाली युक्ती डिझेलला लावताना फार जपावे. पिस्टनच्या वर जागा इतकी थोडी असते की चमचाभर जास्त ऑइलनेही इंजिन अडते. त्यापेक्षा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवून प्रत्येक सिलिंडरचे तोंड पाहणे शहाणपणाचे आहे. ज्या सिलिंडरचे तोंड ओले, तेलकट, तोच ऑइल पितो.

अगदी झिजलेल्या इंजिनात किंवा सील फुटलेल्या टर्बोत एक भीषण प्रसंग येऊ शकतो. इंजिन आपल्याच ऑइलवर धावू लागते, आवाज चढत जातो आणि डिझेल बंद करूनही थांबत नाही. चालक गाडीत असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडते. बाहेर असेल तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा तोडावी. हात किंवा फडके वापरू नये, ते आत ओढले जाते. दोन्ही शक्य नसेल तर दूर पळावे.

पीयूसी केंद्राच्या कागदाकडून निदानाची अपेक्षा धरू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे जुन्या डिझेल गाडीची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, म्हणजे दर मीटरला २.४५, अशी आहे. ते यंत्र धुरातून प्रकाश किती अडला एवढेच मोजते. रंग त्याला कळत नाही, आणि कॉम्प्रेसरमार्गे ऑइल पिणारा ट्रक त्या परीक्षेत सहज पास होतो. उलट, तिथे नापास झालेली गाडी पंपाचा स्क्रू घटकाभर मागे फिरवून पास करून आणली जाते, आणि ज्या नोझलमुळे ती नापास झाली ते तसेच गळत राहते.

इतके सगळे करूनही रिंगा-लायनरच दोषी ठरले तर इंजिन बांधणे भाग आहे. त्याला पर्याय म्हणून घट्ट ऑइल किंवा बाटलीतले औषध घालून धूर काही दिवस झाकता येतो. गाडी विकण्याआधी हे पुष्कळदा केले जाते आणि घेणाऱ्याने त्याची जाणीव ठेवावी. अर्धवट दुरुस्तीही टाळावी. लायनर वरच्या रिंगेच्या जागी सर्वांत जास्त झिजतो; बोअर गेजने मोजून झीज मर्यादेबाहेर आढळली तर त्यात नुसत्या नव्या रिंगा घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दुसरी रिंग उलटी बसली तर ती ऑइल खाली निपटण्याऐवजी वर चढवते, म्हणून रिंगेवरची खूण वर आहे याची खात्री पिस्टन आत जाण्यापूर्वी दोन माणसांनी करावी. एअर क्लीनरनंतरच्या नळीला तडा असेल तर तिच्यातून शिरणारी धूळ नवे लायनर काही हजार किलोमीटरांत संपवते. आणि बांधलेले इंजिन तासन्‌तास स्लोवर ठेवून ‘बसवू’ नये. रिंगांना लायनरवर बसायला वायूचा दाब लागतो, तो लोडशिवाय येत नाही. स्लोवर फिरत राहिलेला लायनर आरशासारखा गुळगुळीत होतो आणि तेथे ऑइल कायमचे वर चढत राहते. सुरुवातीपासून मध्यम माल भरून, इंजिन न कोंडता आणि न ताणता चालवावे.

पण ती नंतरची गोष्ट. ज्याच्या ट्रकला आज निळा धूर येतो त्याने उद्या सकाळी एक वही घालावी. तीत दर दिवशीचे किलोमीटर, भरलेले डिझेल, घातलेले ऑइल, एअर टाकीतून निघालेले पाणी आणि धूर कोणत्या वेळी दिसला एवढे लिहावे. किमान हजार किलोमीटरची अशी नोंद हाती येईपर्यंत हेडचा एकही बोल्ट सैल करू देऊ नये.